बिनदाराचा भूलभुलैया

पुरुषाने क्रोशाची सुई हातात धरू नये असा कोणताही कायदा नाही. तरीसुद्धा शांतवन साळवे, बी.एस्सी., याने ती पहिल्यांदा हातात धरली तेव्हा आधी खोलीची कडी लावली, मग खिडकी ओढून घेतली आणि पुढ्यात प्रकाशशास्त्राचं जाड पुस्तक उघडून ठेवलं. कोणी आलंच तर सुई पुस्तकात आणि चेहरा पुस्तकावर, अशी व्यवस्था होती. तिच्यात एकच उणीव राहिली. खिडकीच्या एका झडपेची बिजागरी गेलेली होती आणि समोरच्या ओट्यावर दगडाबाई ज्वारी निवडत बसलेल्या होत्या.

संध्याकाळपर्यंत नांदूरवाडीच्या अख्ख्या मिशन कंपाउंडात बातमी पोहोचली की साळव्यांचा पोरगा पुण्याहून शिकून आला खरा, पण अभ्यासाने डोक्यावर परिणाम झालाय. कोंडून घेऊन बोटांनी हवेत काहीतरी उकरत बसतो. दुसऱ्या दिवशी तिघींनी लिंबं पाठवली. एकीने डोक्यावर थापायला कोरफड पाठवली. शांतवनने शास्त्रीय वृत्तीने लिंबांचं सरबत केलं आणि गप्प राहिला, कारण खरं कारण सांगणं ही त्याहून मोठी फजिती होती.

खरं कारण योहान मास्तर होते.

शेवगावच्या रस्त्यावरच्या त्या कंपाउंडात शाळा, ख्रिस्ती मंडळीचं देऊळ आणि घरांच्या दोन ओळी होत्या, आणि त्यांत असा एकही माणूस नव्हता ज्याने भूमितीच्या तासाला योहान मास्तरांच्या शिव्या खाल्ल्या नव्हत्या. शिव्या म्हणजे ख्रिस्ती शाळेत चालतील अशाच; पण त्या फार वर्मी बसत. मास्तर फळ्यावर नुसत्या हाताने वर्तुळ काढायचे आणि ते वर्तुळच असायचं. मग काचबिंदूने त्यांचे डोळे गेले. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी हात टेकले. तरी काही दिवस मास्तर काठी घेऊन देवळात जात. एका रविवारी वाटेत भिमाजीची गाय आडवी आली. मास्तर तिला धडकले आणि अदबीने म्हणाले, "माफ करा हं बाई." मागून कोणीतरी फिसकन हसलं. मास्तर तिथूनच परत फिरले ते आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर बसले. त्यानंतर ते देवळात नाहीत, ओसरीवर नाहीत, कुठेच नाहीत.

शांतवन भेटायला गेला तेव्हा मास्तरांनी त्याला खुशाली विचारली, कॉलेजबद्दल विचारलं, सगळं अगदी गोड आवाजात. बाहेर पडताना त्यांची बायको हन्नाबाई दारापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ऐकलंस ना कसं बोलतात? चिडतसुद्धा नाहीत रे आता. काल भाजीत मीठ विसरले मी. छान झालीय म्हणाले."

हे ऐकून शांतवनच्या पोटात खड्डा पडला. पण तो विज्ञानाचा विद्यार्थी. खड्डा पडला की तो त्याची खोली मोजायला लागे. त्याला कॉलेजच्या वाचनालयातलं एक विलायती मासिक आठवलं. त्यात एका प्राध्यापकाने भूलभुलैया बनवला होता; फाटे, आंधळ्या गल्ल्या, आणि मधोमध पोहोचणारी एकच खरी वाट. ज्यांना दिसत नाही तेसुद्धा नुसत्या स्पर्शाने ती शोधून काढतात आणि त्यामुळे त्यांची हुशारी व उत्साह वाढतो, असं त्या प्राध्यापकाने प्रयोगाने सिद्ध केलं होतं. प्रयोग उंदरांवर होता. उंदरांचा उल्लेख कुठेही करायचा नाही, एवढं शांतवनने पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं.

मास्तर भिंतीकडे तोंड करून बसतात, तर भिंतीवरच टांगता येईल असा भूलभुलैया हवा. लाकडात कोरून घ्यावा तर सुतार म्हणाला, पेरण्या आटोपल्यावर बघू. पुठ्ठा घामाने मऊ पडला. मग देवळात त्याची नजर मालनबाईंनी विणलेल्या मेजपोशाकडे गेली. त्याच्यावर क्रोशाने सुताच्या टपोऱ्या, उठावदार बोंडांची द्राक्षं काढलेली होती. डोळे मिटून हात फिरवला तरी घड मोजता येत. शांतवनला वाट सापडली. सपाट टाक्यांची वाट, बोंडांच्या उंच भिंती, आणि भिंतीत जिथे बोंडं नाहीत तिथे दार.

शेवटी कोंडून घेऊन काही जमेना तेव्हा तो शरमेने मान खाली घालून मालनबाईंकडे गेला. त्या कंपाउंडातल्या शिवणवर्गाच्या प्रमुख. त्यांनी त्याला गुरुवारच्या वर्गात, फ्रॉकमधल्या मुलींच्या रांगेत, चटईच्या कडेला बसवलं. तिथे त्याला साखळीचा टाका शिकवला, खांबाचा शिकवला आणि मुक्या खांबाचा शिकवला. वर्गात सर्वांत मुका खांब कोण, यावर मुलींमध्ये एकमत होतं.

सूत मिळेना. लढाई संपली होती, पण कापडसुतावरचा सरकारी कंट्रोल संपला नव्हता. सुताला परवाना लागे. पुरवठा कचेरीतले कारकून काकासाहेब मोठे सज्जन गृहस्थ होते. त्यांना शांतवनला सूत द्यायचंच होतं, फक्त कोणत्या सदराखाली द्यायचं हे कळत नव्हतं. ही वस्तू अंगावर घालायची का? नाही. अंथरायची का? नाही. मग हिचं करायचं काय? भिंतीवर लावायची. मग ते पडदे, आणि पडद्यांना सध्या बंदी. शांतवनने समजावलं की एका अंध गृहस्थासाठी आहे. काकासाहेब हळहळले आणि अंधत्वाचा दाखला मागितला. दाखला आणला तर अर्जदार शांतवन आणि आंधळे योहान, तेव्हा अर्जदार आंधळा नसल्याने अर्ज बाद. आठवडाभर खेटे घातल्यावर काकासाहेबांनीच दया येऊन तोड काढली. मासेमारीच्या जाळ्यांसाठी जाड सुताचा एक कोटा पडून होता. त्या भागातली नदी वर्षातले बरेच महिने वाळूचीच असल्यामुळे तो मागायला कोणी आलंच नव्हतं.

अशा रीतीने शांतवन साळवे, बी.एस्सी., धंदा मासेमारी, अशी सही करून जाड सुताच्या लडी घेऊन घरी आला. कचेरीचा शिपाई बन्सी हा नांदूरवाडीचाच, मास्तरांच्या हाताखाली भूमितीत तीनदा नापास झालेला. त्याने ही हकिकत गावभर केली. तेव्हापासून शांतवन रस्त्याने निघाला की कोणी ना कोणी गंभीर चेहऱ्याने विचारी, आज काय गावलं?

एकदा लपवायचं संपल्यावर मात्र सल्ल्यांना तोटा राहिला नाही. मालनबाईंचं मत पडलं की मधोमध कबुतर असावं. दगडाबाईंना खालच्या कडेला शास्त्रातलं वचन हवं होतं, नुसत्या रेघोट्या विणून देवाला काय कळणार. कंपाउंडाला लागून भिमाजीचं शेत होतं. तो दूध घालायला यायचा. त्याने ते विणकाम उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "बैलाची झूल हाय व्हय? लई झ्याक. पर घुंगरं लावा कडंनी. बिनघुंगराची झूल बरी न्हाई दिसत." शांतवनने त्याला भूलभुलैयाचं तत्त्व समजावून सांगितलं. भिमाजीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग म्हणाला की ते समदं ठीक हाय, पर घुंगरं लावा.

गणिताप्रमाणे विणकाम चौरस यायला हवं होतं. प्रत्यक्षात ते टोपलीसारखं वाकलं. शांतवनने पुन्हा गणित तपासलं, ते बरोबर होतं. मालनबाईंनी टाका तपासला, तो फार घट्ट होता. सगळं उसवलं. दुसऱ्यांदा एक कोपरा दगडाबाईंच्या शेळीने खाल्ला, आणि दगडाबाईंनी शेळीची माफी मागण्याऐवजी सुताला कसला वास येतो म्हणून चौकशी केली. तिसऱ्यांदा मात्र, नवं पीक देवाला वाहायच्या हंगामाच्या सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, शेवटचा टाका पडला. वीतभर रुंदीच्या गल्ल्या नव्हत्या, बोटभर होत्या. पण बोंडं उठून आली होती, दारं जागच्या जागी होती आणि बाहेरून मधल्या चौकापर्यंत खरी वाट एकच होती. शांतवनने डोळे मिटून ती बोटाने चालून पाहिली आणि त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्याच भरात त्याने एक धाडस केलं. कापड धुऊन इस्त्रीला मालनबाईंकडे दिलं आणि तो थेट मास्तरांकडे गेला. म्हणाला, "मास्तर, बोटाने सोडवायची एक आकृती केलीय, भूलभुलैयाची. तुम्हाला सुटायची नाही."

खुर्ची किंचित कुरकुरली. "मला?"

"हो. उद्या देवळात लावणार आहे. हंगामाच्या सणाला."

मास्तरांनी हन्नाबाईला हाक मारून विचारलं, माझा काळा कोट उंदरांनी ठेवलाय का. उंदरांचं नाव निघताच शांतवनला ठसका लागला. तो पाणी न पिताच बाहेर पडला. पण बाहेर हन्नाबाईने त्याचे दोन्ही हात धरले. तिचा चेहरा असा झाला होता की त्याला वर बघवेना. उद्या मास्तर चारचौघांत येणार होते. आले आणि जिंकले तर पुन्हा येतील. आले आणि कोणी पुन्हा हसलं, तर ती खुर्ची भिंतीपासून आता कधीच हलणार नाही. हे तिलाही कळत होतं आणि त्यालाही.

यानंतर मालनबाईंच्या घरी जे झालं ते शांतवनला पुढे कळलं. इस्त्री करण्यासाठी कापड मेजावर पसरलं आणि शिवणवर्गाच्या बायका भोवती जमल्या. त्यांच्या सरावलेल्या नजरेला पहिल्यांदा काय दिसलं असेल, तर पोराच्या चुका. दारांचं तत्त्व त्याने भिमाजी सोडून कोणालाच समजावलं नव्हतं. बोंडांची रांग छान चाललेली असे आणि मध्येच दोन बोंडं गाळलेली. इथे गाळलेली, तिथे गाळलेली, बाहेरच्या कडेला तर चांगली तीन. मालनबाईंच्या वर्गात आजवर कोणी अर्धवट काम देवापुढे ठेवलेलं नव्हतं. हन्नाबाईही आली होती; ती गहिवरून म्हणाली की चष्म्यातून दिसलं नसेल बिचाऱ्याला, एवढं माझ्या माणसासाठी केलंय, उद्या लोक त्याला हसायला नकोत. उरलेलं सूत होतंच. चौघीजणी बसल्या आणि दिवेलागणीच्या आत एकूण एक जागा बोंडांनी भरून काढली. मागून पक्क्या गाठी मारल्या. पोराला वाईट वाटू नये म्हणून त्याला सांगायचं नाही, असंही ठरलं.

रविवारी देऊळ कणसांनी, भोपळ्यांनी आणि पाय बांधलेल्या कोंबड्यांनी भरून गेलं. उपासना झाल्यावर अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव असतो, म्हणून गावातली इतर मंडळीही आली होती. भिमाजी भोपळ्यावर डोळा ठेवून पुढे बसला होता, बन्सी मागे खांबाला टेकून उभा होता. बाजूच्या भिंतीवर खिळ्याला भूलभुलैया टांगला होता. तो आदल्या दिवसापेक्षा भरगच्च दिसतोय असं शांतवनला वाटलं. त्याचं श्रेय त्याने इस्त्रीला दिलं.

लिलाव ऐन रंगात असताना मास्तर उठले. काळा कोट, एका हातात काठी, दुसरा हात हन्नाबाईच्या दंडावर. सगळे वळून बघू लागले. लिलाव करणारा हातात कोंबडी धरून तसाच थांबला. मास्तरांनी काठी हन्नाबाईकडे दिली, कापडाला हात लावला, चारी कोपरे चाचपले आणि उजवं बोट बाहेरच्या भिंतीवर ठेवलं. बोट निघालं. खालची कड, उजवी कड, वरची, डावी. पुन्हा खालची. मास्तरांनी बोट बदललं आणि पुन्हा फेरी घातली, हळू, प्रत्येक बोंडावर थांबत. मग तिसरी.

पुढच्या बाकावरची एक म्हातारी कळवळून म्हणाली की उमगत नाही हो त्यांना. मागून फिसकन हसू आलं. मास्तरांचं बोट थांबलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

शांतवन जवळ गेला आणि त्याने पाहिलं. जिथे दार होतं तिथे तीन बोंडं होती. गोल, घट्ट, त्याच्या स्वतःच्या बोंडांहून पुष्कळ सुबक. त्याने आतल्या भिंती पाहिल्या. मग मालनबाईंकडे पाहिलं; त्या गुप्तदान केलेल्या माणसासारख्या नम्रपणे छताकडे बघत होत्या. मग हन्नाबाईकडे. ती एवढ्या अभिमानाने कापडाकडे बघत होती की तिला अजून काहीच कळलं नव्हतं हे उघड होतं. एक वाक्य बोललं की शांतवन सुटणार होता. ते वाक्य पुरं व्हायच्या आत तिच्या चेहऱ्याचं काय होईल हेही त्याला दिसलं. आणि गप्प राहिला तर मास्तर बुडत होते.

"मास्तर," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज नको तेवढा मोठा आला, "त्याला दार नाही. ठेवायचं राहिलं. माझी चूक."

देवळात हसण्याचा असा लोट उठला की कोंबडीसुद्धा ओरडली. बन्सी म्हणाला की जाळ्याचंच सूत ते, त्यातून मासा सुटंल कसा. भिमाजीने शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, "शिंगणापुरात दाराला फळ्या न्हाईत. हितं तर दारच न्हाई." हसणं आता मास्तरांना नव्हतं, शांतवनला होतं, एवढी एकच गोष्ट त्या घटकेला बरी होती आणि तिचाही त्याला फारसा उपयोग होत नव्हता. त्याचे कान, मान आणि बहुधा चष्म्याच्या काचासुद्धा तापल्या होत्या.

"राहिलं?" मास्तरांनी विचारलं.

"हो."

"आतली तरी ठेवलीस का?"

"नाही. सगळीच राहिली."

मास्तरांनी मान ताठ केली. "शांतवन साळवे, उभा राहा."

"उभाच आहे, मास्तर."

"मग नीट उभा राहा." तो आवाज देवळाच्या पार मागच्या भिंतीवर आपटून परत आला आणि अनेक वर्षांत न ताठलेली काही मंडळी बसल्या जागी ताठ झाली. "बाहेरून आत वाट नाही, आतून बाहेर वाट नाही, आणि मला घरी येऊन सांगतोस, सुटायची नाही. न सुटणारी आकृती काढायला अक्कल लागत नाही. चुकीची काढली की झालं. पुण्याला काय शिकवतात तुम्हाला, आंबे मोजायला? आणि मागे हसला तो बन्सी ना? तुझं हसणं मी तुझ्या उत्तरपत्रिकेइतकंच ओळखतो. त्रिकोणाला बाजू किती असतात ते आता तरी आठवलं का?"

हे सगळं ते भोपळ्यांच्या राशीकडे तोंड करून बोलत होते, पण कोणीही हसलं नाही. बन्सीने खांबाचा टेकू सोडून हात बांधले.

"दार मीच पाडतो," मास्तर म्हणाले आणि कापड चाचपू लागले. वरच्या कोपऱ्यात त्यांना सुताचं एक मोकळं टोक लागलं. शेवटचा टाका आवळून गाठ मारायची असते हे मालनबाईंनी दर गुरुवारी सांगितलं होतं आणि शांतवन दर गुरुवारी मनात गणित करत होता. मास्तरांनी टोक ओढलं. पहिली ओळ सर्रकन निघाली. त्यांच्या चेहऱ्यावर नवल उमटलं. त्यांनी आणखी ओढलं. मध्ये अडलं की हिसका द्यायचा, पुन्हा सर्र. "येतंय," ते म्हणाले, "वाट येतेय," आणि दोन्ही हातांनी ओढू लागले. भिंती गेल्या, गल्ल्या गेल्या, मधला चौक गेला. शांतवनच्या सगळ्या गुरुवारांचा मास्तरांच्या पायांशी ढीग झाला. टिकलं ते एवढंच, चौघींनी भरलेली बोंडं. ती आपापल्या पक्क्या गाठींसकट सुताला लटकत राहिली, एकही सुटलं नाही. लिलाव करणाऱ्याच्या हातून कोंबडी केव्हाच सुटली होती.

परतताना मास्तरांनी हन्नाबाईला पुढे पाठवलं आणि हात शांतवनच्या खांद्यावर ठेवला. वाटेत तीन माणसांनी त्यांना सलाम केला आणि त्यांनी तिघांनाही आवाजावरून ओळखून काहीतरी खोचक उत्तर दिलं. घर जवळ आल्यावर ते हळूच म्हणाले, "त्या बोंडांच्या मागे गाठ होती ना, दुहेरी? ती हन्नाची. माझ्या सगळ्या स्वेटरांत आतून टोचते."

शांतवनने वाटेतला दगड पायाने बाजूला सारला.

"तू चारचौघांत म्हणालास, तुझी चूक. आता ती तुझीच. तिला कळता कामा नये."

"नाही, मास्तर."

"आणि उद्या सकाळी पाटी घेऊन ये."

शांतवनला वाटलं, गंमत असेल. ती नव्हती. सोमवारी सकाळी मास्तरांची खुर्ची ओसरीवर होती, रस्त्याकडे तोंड करून. तिच्यापुढे, पायरीवर, शांतवन साळवे, बी.एस्सी., मांडीवर पाटी घेऊन बसला होता. दगडाबाई ज्वारी निवडायला मुद्दाम अलीकडच्या ओट्यावर आल्या होत्या. भिमाजीने दुधाची किटली खाली ठेवली होती आणि ती उचलायची त्याला अजिबात घाई नव्हती. आत हन्नाबाई चहा करत होती आणि उगाचच भांडी वाजवत होती.

"बंद आकृती म्हणजे काय?" मास्तरांनी विचारलं. "व्याख्या."

शांतवनने मान खाली घालून व्याख्या सांगितली.

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "पण रस्त्यापर्यंत ऐकू गेली नाही. पुन्हा."